एनसीसीची पहिली वर्दी: कापडापासून फॉल-इनपर्यंत

पावसाळ्यात कॉलेजं सुरू झाली की एनसीसीची, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेची भरती होते. निवड झालेली मुलं-मुली पहिल्या परेडला उभी राहतात तेव्हा त्यांना ड्रिल येत नसतं आणि ते यावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. वर्दी मात्र अंगावर आल्या दिवसापासून तपासली जाते. ड्रिल अंगात मुरायला महिने लागतात. वर्दीला लागते ती थोडी माहिती आणि आदल्या संध्याकाळचे दीड-दोन तास. इथे सांगितलंय ते मुख्यतः आर्मी विंगच्या खाकी वर्दीबद्दल. नेव्ही विंगची पांढरी आणि एअर विंगची निळसर राखाडी वर्दी वेगळी असली तरी माप, इस्त्री, बूट आणि पितळ यांची कामं बरीचशी तीच आहेत.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, ते आधी समजून घ्या. तीस जणांचा स्क्वॉड समोरून चालत येतो तेव्हा पाहणाऱ्याला तीस चेहरे दिसत नाहीत, रेषा दिसतात. टोप्यांची एक, बाह्यांची एक, पट्ट्यांची एक. एकाची बाही दोन बोटं वर गेली की नजर तिथेच अडते आणि बाकीच्या एकोणतीस जणांची मेहनत फुकट जाते. म्हणून ‘माझ्यापुरतं चालेल’ हे वर्दीत चालत नाही.

दुसरं कारण रस्त्यावरचं आहे. गर्दीत वाट चुकलेलं माणूस मदतीसाठी वर्दी शोधतं, नाव विचारत बसत नाही. हा विश्वास टिकवण्याची जबाबदारी ती घालणाऱ्यावर असते. त्याच विश्वासाचा गैरफायदाही घेतला जातो. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी वेशात आले होते, आणि त्यानंतर लष्कराने लोकांना लढाऊ गणवेशासारखे कपडे घालू नका, विकू नका असं आवाहन केलं. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिकाचा वेश घालणं हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅडेट म्हणजे सैनिक नव्हे. एनसीसी १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि कॅडेटवर लष्करी सेवेचं बंधन नाही. त्यामुळे वर्दी परेड, शिबिर आणि एनसीसीच्या कार्यक्रमांपुरती. मित्राच्या लग्नात, मोर्च्यात, राजकीय सभेत किंवा रीलसाठी ती घालायची नाही आणि भावाला हौस म्हणून घालायलाही द्यायची नाही.

कापड आणि शिंपी

गणवेशाचा भत्ता आता थेट कॅडेटच्या बँक खात्यात जमा होतो. म्हणजे खरेदी आणि शिलाई तुमच्या हातात आली, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. खाकी म्हटलं की दुकानदार चार-पाच छटांचे तागे समोर टाकतो. पिवळट, हिरवट, तपकिरी, पोलिसांची वेगळी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली त्या सारख्याच भासतात आणि मैदानात उन्हात उभं राहिलं की फरक ओरडून सांगतात. युनिटमधून किंवा सिनिअरच्या वर्दीच्या शिवणीतून कापडाचा तुकडा मागून घ्या आणि तो दुकानाबाहेर उजेडात ताग्याला लावून पाहा. शक्य असेल तर एका कॉलेजच्या सगळ्या नव्या कॅडेटनी एकाच ताग्यातून कापड घ्यावं. शर्ट आणि पँटचं कापड तर एकाच वेळी, एकाच ताग्यातून घ्यायलाच हवं.

सुती किंवा सुती मिश्रणाचं कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात पँट घोट्यावर येते.

शिंप्याला फॅशनच्या मापाचा शर्ट सांगू नका. अंगाला चिकटलेला शर्ट आरशात छान दिसतो, पण सावधानमध्ये छाती बाहेर आली की बटणांच्या मध्ये फटी पडतात, आणि हात खांद्यापर्यंत गेला की शर्ट पँटीतून सुटतो. छातीच्या मापावर साधारण चार इंच सैल ठेवा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी, खाली दंडावर उतरू नये. कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं सहज जावीत. शर्टाची लांबी बसण्याच्या जागेच्या खालपर्यंत पाहिजे. ट्रायलच्या वेळी शिंप्यासमोर दोन्ही हात पुढे खांद्याच्या उंचीला आणा, मग वर करा, मग खाली बसून उठा. शर्ट जागेवर राहिला तर माप बरोबर.

पँट कमरेवर, बेंबीच्या जवळ बसणारी हवी. लो-वेस्ट पँटवर रुंद पट्टा बसतच नाही, तो शर्टावर सरकत राहतो. बूट घालूनच लांबीचं माप द्या. पुढून पँटीची कड बुटाच्या नाडीवर हलकी टेकावी, मोठी चुणी पडू नये, आणि मागे ती अर्धा इंच खाली असावी. मोहरी (पँटीची पायाकडची रुंदी) अरुंद ठेवली तर पाय आपटताना पँट पोटरीत अडकते आणि इस्त्रीची घडी तिथेच मोडते.

बेरेट

नव्या कॅडेटची ओळख लांबूनच पटते ती बेरेटवरून, म्हणजे लोकरीच्या गोल टोपीवरून. दुकानातून आणलेली बेरेट भाकरीसारखी गोल आणि सपाट असते, आणि ती तशीच डोक्यावर ठेवली की चारही बाजूंनी लोंबते. तिला आकार द्यावा लागतो. ते काम एका संध्याकाळचं आहे आणि परेडच्या किमान दोन दिवस आधी करायचं.

१. बेरेट कोमट पाण्यात बुडवा, रेक्झिनची पट्टी शक्यतो कमी भिजू द्या. कढत पाणी वापरू नका, लोकर आटते आणि टोपी पुन्हा मापाला येत नाही.

२. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, म्हणजे पाणी टपकायचं थांबेल.

३. ओली असतानाच डोक्यावर घाला. पट्टी भुवयांच्या एक इंच वर, कपाळावर अगदी आडवी. बॅजची जागा डाव्या डोळ्याच्या बरोबर वर.

४. उरलेलं कापड उजव्या कानाकडे ओढा आणि तळहाताने डोक्यालगत चपटं दाबत राहा. बॅजच्या मागचा भाग उभा राहिला पाहिजे, उजवीकडचा भाग कानाच्या टोकाकडे उतरला पाहिजे.

५. अर्धा तास तशीच राहू द्या. मग डोक्याच्या मापाच्या पातेल्यावर किंवा स्टीलच्या डब्यावर त्याच आकारात ठेवून सावलीत वाळवा. उन्हात रंग उडतो.

६. वाळल्यावर मागची नाडी ओढून माप पक्कं करा, गाठ मारा आणि टोकं पट्टीच्या आत सारा. मागे लोंबणारी नाडी ही निरीक्षणात हमखास सापडणारी चूक आहे.

लोकरीवर आलेले गोळे वापरून टाकायच्या रेझरने, एकाच दिशेने हलक्या हाताने काढता येतात. लाल हॅकल, म्हणजे टोपीवरचा तुरा, बॅजच्या मागे सरळ उभा राहिला पाहिजे. बॅगेत तो चेपतो, म्हणून कागदाच्या सुरळीत ठेवून न्या. चेपलाच तर किटलीच्या वाफेवर क्षणभर धरून बोटांनी मोकळा करा. बेरेट काढल्यावर ती खांद्याच्या पट्टीखाली खोचायची सवय अनेकांना असते. तिथे तिचा आकार जातो आणि दिसतंही गबाळं. हातात धरा किंवा बॅगेत ठेवा. आणि डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट करायचा नाही, सावधान होऊन अभिवादन करायचं.

शीख कॅडेट पगडीवर बॅज लावतात, आणि तो मधोमध येतो.

इस्त्री

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे शर्ट दिला की तो चौकोनी घडी घालून देतो, आणि त्या घडीच्या आडव्या रेघा पोटावर उमटतात. त्याला हँगर देऊन ‘घडी घालू नका’ असं आधीच सांगा. पँटीची घडी पुढे मधोमध एकच असावी हेही सांगा. जुनी घडी नीट न मोडता त्याच्या शेजारी नवी पाडली की दोन समांतर रेघा दिसतात, आणि त्या सगळ्यांत वाईट दिसतात. घरी करणार असाल तर आधी जुनी घडी ओल्या कापडाने पुसून सपाट करा, मग पँटीच्या चारही शिवणी एकावर एक जुळवा आणि नंतरच इस्त्री फिरवा. टेरिकॉटवर थेट गरम इस्त्री फिरवली तर चकाकी येते आणि ती जात नाही. मधे ओलसर मलमल घाला. घडी टिकवण्यासाठी जुना उपाय असा की पँट उलटी करून घडीच्या रेषेवर आतून कोरडा साबण हलका घासायचा आणि मग सुलट बाजूने इस्त्री दाबायची.

स्टार्च फक्त सुती वर्दीला. टेरिकॉट तो धरत नाही आणि खाकीवर पांढरे डाग पडतात. मुंबईच्या दमट हवेत सुती कापडालाही पातळच स्टार्च द्या. जाड स्टार्च केलेला शर्ट पावसाळ्यात दोन तासांत ओल ओढून मऊ पडतो, आणि कपाटात राहिला तर त्यावर बुरशी धरते.

बाह्या दुमडायच्या असतील तर शर्ट अंगावर चढवण्याआधी, टेबलावर दुमडा. चार बोटं रुंद पट्टी करून एकेक घडी वर न्या. शेवटची कड कोपराच्या तीन बोटं वर आली पाहिजे. तुमच्या युनिटचं माप थोडं वेगळं असेल तर तेच पाळा, पण दोन्ही बाह्या पट्टीने मोजून सारख्या करा. डोळ्याने मोजलेली बाही नेहमीच चुकते, कारण उजवा हात जास्त वापरात असल्याने तिकडची घडी घट्ट बसते.

बॅज, पितळ आणि पट्टा

शर्ट हँगरवर असतानाच बॅज लावा. नेमप्लेट उजव्या छातीवर, खिशाच्या शिवणीला समांतर, खिशाच्या बरोबर मध्यावर. एका पिनेची नेमप्लेट फिरते आणि तिरकी होते, म्हणून मागून चाप बसणाऱ्या दोन पिनांची घ्या. दोन्ही खांद्यांवरची टायटल्स (नावाचे बिल्ले) खांद्याच्या पट्टीच्या कडेपासून सारख्या अंतरावर हवीत. लॅनयार्ड, म्हणजे खांद्यावरची वेणीदार दोरी, तुमच्या युनिटमध्ये ज्या खांद्यावर घालतात त्याच खांद्यावर, पीळ न पडू देता. दुकानात कमांडो, पॅरा असे बॅज कुणालाही विकत मिळतात. जो कोर्स केला नाही त्याचा बॅज लावणं म्हणजे ज्यांनी तो घाम गाळून मिळवला त्यांचा अपमान आहे. या एका बाबतीत कुणीही सवलत देऊ नये.

पितळ चमकवायच्या आधी ते पितळच आहे ना ते पाहा. बाजारातल्या पुष्कळ बॅजना वरून मुलामा असतो. त्यावर ब्रासो (पितळेचं पॉलिश) घासला की मुलामा निघतो आणि खालचा करडा धातू दिसतो. असे बॅज साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करणं पुरेसं. खऱ्या पितळेच्या बकलाखाली जुनं प्लास्टिकचं कार्ड सरकवा, म्हणजे पट्ट्यावर डाग पडणार नाहीत. ब्रासोचा पातळ थर लावा, दोन मिनिटं वाळू द्या, मऊ कापडाने काढा आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने चमक आणा. त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका, घामाचे ठसे सकाळपर्यंत काळे होतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत पितळ झपाट्याने मंदावतं. बॅज हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवले तर आठवड्याची मेहनत वाचते.

बूट

ड्रिलच्या बुटांवर नवी मुलं सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि तरी चमक येत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं, पॉलिशचा जाड थर. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि पाय आपटला की तडकतो.

नाड्या काढा. ब्रशने धूळ झाडा, शिवणीत अडकलेली मातीही काढा. ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. मेणाच्या डबीतलं काळं पॉलिश सगळ्या बुटाला पातळ लावा, दहा मिनिटांनी ब्रश मारा. इथपर्यंत रोजचं काम झालं. परेडसाठी पुढे फक्त टोक आणि टाच एवढेच भाग घ्या. सुती कापड दोन बोटांवर ताणून गुंडाळा, किंचित पॉलिश घ्या, पाण्याचा एक थेंब टाका आणि छोटी छोटी वर्तुळं करत घासा. धूसरपणा गेला की पुन्हा पॉलिश, पुन्हा थेंब. असे आठ-दहा पातळ थर झाल्यावर चामड्यात खोली दिसू लागते. बूट जिथे चालताना दुमडतो तिथे असे थर चढवू नका, ते हटकून तडकतात. बाटलीतलं झटपट चमकणारं द्रव पॉलिश तर लावूच नका. त्याची पापुद्र्यासारखी साल निघते, आणि पावसाचं पाणी लागलं की पांढरे ओघळ उतरतात. तळव्याची कड काळी करायला विसरू नका, मंचावरून ती आधी दिसते.

नाड्या आडव्या समांतर, पिळाशिवाय, टोकं आत खोचलेली. फिशबोन किंवा क्रॉस पद्धत दिसायला वाईट नसते, पण रांगेतले सगळे एकसारखे हवेत.

बूट विकत घेताना परेडचे जाड मोजे घालून घ्या आणि अंगठ्यापुढे एका अंगठ्याच्या रुंदीची जागा ठेवा. नवे बूट परेडच्या दिवशी पहिल्यांदा घालणं म्हणजे टाचेला फोड ठरलेलाच. दोन आठवडे रोज संध्याकाळी तासभर घरात घालून चाला. मोज्याला चुणी राहू देऊ नका. टाचेवर व्हॅसलिन लावा.

पावसात बूट भिजले तर नाड्या आणि आतला तळ काढा, वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने कागद बदला आणि पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा फ्रिजच्या मागे ठेवलेलं चामडं कडक होऊन चिरतं. पांढरी बुरशी आली असेल तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी लावून पुसा, पूर्ण वाळवा आणि मग पॉलिश करा. बुरशीवर तसंच पॉलिश केलं तर ती आठवड्याने पुन्हा वर येते. १५ ऑगस्टची परेड भर पावसाळ्यात येते, म्हणून जुलैपासून बुटांकडे रोज पाहायची सवय लावून घ्या.

केस, दाढी, दागिने

मुलांचे केस बाजूला आणि मागे बारीक, कॉलरच्या बरेच वर. दाढी परेडच्या दिवशी सकाळी करा, आदल्या रात्रीची चालत नाही. मुलींनी केसांचा घट्ट अंबाडा बांधून काळी जाळी आणि काळे आकडे लावावेत. अंबाडा बेरेटच्या कडेखाली बसला पाहिजे. वर बांधला तर टोपी पुढे ढकलली जाते आणि बॅज भुवईवर येतो. लोंबते कानातले, बांगड्या, नेलपॉलिश, मनगटावरचे रंगीत धागे काढा. आतली बनियन पांढरी आणि गळ्यातून न दिसणारी हवी.

सकाळी घालण्याचा क्रम

क्रम चुकला की इस्त्री मोडते. आधी मोजे आणि पँट, मग बूट घालून नाड्या पक्क्या करा, कारण शर्ट खोचल्यावर वाकलं की तो मागून सुटतो. नंतर शर्ट. तो खोचल्यावर दोन्ही बाजूंच्या शिवणीजवळचं जास्तीचं कापड चिमटीत धरून मागच्या बाजूला घडी घाला आणि त्यावर पट्टा आवळा. पोट सपाट दिसतं ते या घडीमुळे. पट्ट्याचं बक्कल, शर्टाची बटणपट्टी आणि पँटीची पुढची कड एका सरळ रेषेत आली पाहिजे. शेवटी लॅनयार्ड, आणि सगळ्यात शेवटी बेरेट.

आता लोकलचा प्रश्न. अर्धी वर्दी घालून फिरायचं नाही, म्हणजे खाकी पँटवर टी-शर्ट हा प्रकार नको. दोनच पर्याय आहेत. एक, वर्दी हँगरसकट कव्हरमध्ये घालून न्यायची आणि कॉलेजवर बदलायची. विरार किंवा कल्याणहून गर्दीच्या गाडीने येणाऱ्याने हेच करावं. दोन, पहाटेच्या रिकाम्या गाडीने पूर्ण वर्दीत, टोपीसकट यायचं. तसं येताना सॅक पाठीवर घेऊ नका. तिचे पट्टे खांद्यावरची टायटल्स वाकवतात आणि पाठीला घामाचा पट्टा उमटवतात. बॅग डाव्या हातात धरा, उजवा हात सॅल्यूटसाठी मोकळा राहील. लॅनयार्ड गर्दीत दुसऱ्याच्या बॅगेत अडकते, तेवढं सांभाळा. वर्दीत खिशात हात नको, कानात इयरफोन नको, स्टॉलवर उभं राहून वडापावही नको.

फॉल-इनच्या, म्हणजे रांगेत उभं राहण्याच्या, दहा मिनिटं आधी जोडीने तपासणी करा. स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही. समोरच्याने वरून खाली पाहायचं: टोपीची पातळी, मागची नाडी, कॉलर, नेमप्लेट, खिशांची बटणं, बाह्या, बकलाची रेष, पाठीवरचा शर्ट, नाड्या. जवळ एक छोटी पिशवी असू द्या, त्यात सुई आणि खाकी दोरा, दोन जादा बटणं, सेफ्टी पिना, कोरडं फडकं आणि मोज्यांचा कोरडा जोड.

परेडनंतर शर्ट घामाने ओला असतो. तो बॅगेत कोंबू नका, घामाचे क्षार खाकीवर पांढरी रेघ सोडतात. घरी आल्यावर आधी बॅज काढा, मग शर्ट साध्या पाण्यातून काढून उलटा करून सावलीत टांगा. एनसीसी सोडताना युनिटची म्हणून मिळालेली प्रत्येक वस्तू मोजून परत करा. जी वर्दी तुमच्याकडे राहते ती कुणाला देण्याआधी किंवा भंगारात टाकण्याआधी तिच्यावरचे बॅज, टायटल्स आणि नेमप्लेट काढून घ्या.